चर्चेचा मसुदा: स्थलांतराचे फायदे-तोटे, मजुरीचा मुद्दा दुरुस्त करावा

अविनाश:

नमस्कार मंडळी,

मसुद्यात तोट्यांच्या रकान्यात पहिलंच वाक्य आहे, 'बाहेरचे मजूर आले की स्थानिकांची मजुरी पडते.' इतकं ठाम लिहू नये. 1980 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबरदरम्यान क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक फ्लोरिडात उतरले. तिथल्या मायामी शहरातले कामकरी 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये आकडे तपासले, तेव्हा कमी शिकलेल्या स्थानिकांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर ठळक परिणाम दिसला नाही. आलेला माणूस काम मागतो तसं घर, किराणा, कपडेही मागतो, म्हणजे कामही वाढतं.

उलट बाजूही बघा. अमेरिकेने 1964 अखेर मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना बंद केली, ती स्थानिकांची मजुरी वाढावी म्हणून. बागायतदारांनी टोमॅटो तोडणीची यंत्रं आणली, आणि जिथे यंत्र नव्हतं तिथे काहींनी लागवडच घटवली. मजुरी काही त्यामुळे वाढली नाही.

मीना:

अविनाशदादा, मारिएलची गोष्ट तिथे संपत नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी 2017 मध्ये फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचा गट वेगळा काढला आणि त्यांची मजुरी 10 ते 30 टक्के घटल्याचं दाखवलं. त्यावर आक्षेप असा की नमुना फार लहान आहे आणि नेमक्या त्याच वर्षांत पाहणीतलं कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं; त्यांची मजुरी मुळातच कमी होती, म्हणून सरासरी घसरलेली दिसते. वाद मिटलेला नाही. मसुद्यात एवढंच लिहा: झळ लागली तर अगदी तेच काम करणाऱ्यांना लागते, आणि त्यांत बरेचदा आधी आलेले स्थलांतरितच असतात.

पण मला खटकतं ते वेगळंच. स्थलांतरितांच्या कराची जमा एका वहीत होते आणि त्यांच्यावरचा खर्च दुसऱ्या वहीत, म्हणून दोन्ही बाजू खरं बोलूनही भांडत राहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2016 च्या अहवालात हे स्वच्छ आहे: पहिल्या पिढीचा भार राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शाळेमुळे. तीच मुलं मोठी झाली की करभरणीत सर्वांत पुढच्या गटांत येतात. ज्या शहराने शाळा चालवली त्याच्या हाती तो कर पडेलच असं नाही.

घरांचंही तसंच. अमेरिकी शहरांच्या एका अभ्यासानुसार लोकसंख्येच्या 1 टक्का स्थलांतरित आले तर भाडं सुमारे 1 टक्का चढतं. घरमालकाला फायदा, भाडेकरूला तोटा. म्हणजे प्रश्न 'किती आले' याइतकाच 'किती वेगाने आले, आणि तेवढी घरं बांधायला परवानगी आहे का' हाही आहे. कॅनडाने 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, तीही घरांवरचा ताण पुढे करून.

अविनाश:

मीनाताई, पटलं. मजुरीचं वाक्य तुम्ही म्हणता तसं बदलू. मग रकान्यांची नावंही बदलूया: 'फायदा' आणि 'तोटा' काढून 'कुणाला', 'केव्हा', 'कुणाच्या खर्चाने'.

एक भर. मसुदा फक्त येणाऱ्या देशाचा आहे. डॉक्टर-परिचारिकांच्या शिक्षणाचा खर्च मूळ देश करतो आणि सेवा दुसरीकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये त्यांच्या भरतीसाठी आचारसंहिता केली, पण ती ऐच्छिक आहे. शिवाय पदवीची मान्यता रखडली की तोच माणूस कमी कौशल्याच्या कामात अडकतो, म्हणजे तोटा दोन्ही देशांचा. त्याला स्वतंत्र ओळ हवी.

मीना:

चालेल. आणि गुन्हेगारीच्या ओळीत नुसती टक्केवारी नको. येणाऱ्यांत बरेचदा तरुण पुरुष जास्त असतात, आणि त्या वयात गुन्ह्यांचं प्रमाण कुठल्याही समाजात जास्तच. वय आणि लिंग जुळवून तुलना केलेला आकडा मिळाला तर ठेवा, नाहीतर ओळ काढा.