३२वा आठवडा, बाळाचं वजन मागे. "वार कमी पडतेय" म्हणजे नक्की काय?

कुळागरातली सून

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली. पहिलंच बाळंतपण. सोमवारी ग्रोथ स्कॅन झाला. बाळाचं वजन १.५३ किलो, पर्सेंटाइल ६, म्हणजे तेवढ्याच दिवसांच्या शंभर बाळांत साधारण सहाच याच्याहून हलकी. डोकं आठवड्यांप्रमाणे आहे, पोटाचा घेर मात्र मागे. बाळाभोवतीचं पाणी ९. वार (प्लॅसेंटा) मागच्या बाजूला, ग्रेड २. डॉपलर नॉर्मल लिहिलंय. सोनोग्राफीवाले डॉक्टर "प्लॅसेंटा थोडा कमी पडतोय" एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली. आमच्या डॉक्टर शनिवारी भेटणार.

तोवर घरात माझं पान भरणं चालू आहे. सासूबाई "दोगांखातीर खा गो" म्हणत तूप वाढतात. सकाळी तिजान, दहाला पेज, चारला परत काहीतरी. माझं वजन चढतंय, बाळाचं नाही. पाचव्या महिन्यापर्यंत मला उलट्या होत्या, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. त्यामुळे झालं का हे? आणि वार कमी पडते म्हणजे ती लहान आहे, जुनी झाली, की खाली सरकलीय?

डिचोलीकर

वहिनी, घाबरू नका. माझ्या बहिणीचं असंच होतं. तिला रोज एक शहाळं आणि पूर्ण बेडरेस्ट, डाव्या कुशीवर. बाथरूमपुरतं उठायचं. बाळ २.४ किलोचं झालं.

निवृत्त सिस्टर

बाय, मी तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. औषध सांगणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांचं काम. पण वार हातात घेऊन बघितलीय, तेवढं सांगते.

बाळ झालं की सगळे बाळाकडे धावतात. आम्ही सिस्टरा ट्रेमध्ये वार पसरून बसायचो. भिंतीला चिकटलेली बाजू काळपट लाल, कच्च्या काळजासारखी, तिच्यावर पंधरा-वीस फुगीर खंड. एखादा खंड आत राहिला तर बाई रक्तस्रावाने जाऊ शकते, म्हणून एकेक जुळवून बघायचा. उलटली की बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर, मधून नाळ निघालेली आणि शिरा चहूकडे फाकलेल्या. नाळेच्या कापलेल्या टोकाला तीन भोकं मोजायची: एक मोठं, दोन बारीक. तीन किलोच्या बाळाची वार साधारण अर्धा किलो भरते.

जी बाळं आत नीट वाढली नाहीत, त्यांची वार पुष्कळदा तळव्यात मावेल एवढीच असायची. अंगठा फिरवला की मध्येच पांढरट, निबर पट्टे लागायचे. तेवढ्या भागाला रक्त मिळालेलं नसतं, तो मेलेला असतो. माझी आजी वैजीण होती. घरातली बाळंतपणं करायची आणि वार पुरायच्या आधी अशीच उलटसुलट करून बघायची. तिला कोणी शिकवलं होतं देव जाणे.

आता तुझा प्रश्न. तू कुळागरातली, पोफळीच्या बागेतली ना? मग सोपं आहे. वर झऱ्याला पाणी भरपूर आहे, पण पाटात गाळ साचलाय. शेवटच्या पोफळीला पाणी पोचेल का? झऱ्यात आणखी पाणी ओतून उपयोग काय? तू झरा, वार म्हणजे पाट. तुझं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेतल्या झुबक्यांभोवती तुझं रक्त खेळतं, आणि त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, बाकीचं खाणं पलीकडे जातं, बाळाचा कचरा अलीकडे येतो. दिवस भरत आले की मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे जात असतं. त्यासाठी भिंतीतल्या बारीक धमन्या पहिल्या चार-पाच महिन्यांतच सैल, रुंद व्हाव्या लागतात. काहींच्या होत नाहीत, अरुंदच राहतात. मग बाळ मागे पडतं, आणि कधी त्याच मुळापासून आईचं बीपीही चढतं.

म्हणजे हे सातव्या-आठव्या महिन्यात तू काय खाल्लंस त्यावर ठरलेलं नाही. उलट्यांचं म्हणशील तर तेव्हा बाळ एवढंसं असतं, त्याला लागतं किती? फार टोकाच्या, सलाइन लावावं लागणाऱ्या उलट्या असल्या तर डॉक्टरांना सांग. एरवी ते ओझं उतरव.

डोकं बरोबर आणि पोट मागे, याचा अर्थ येणारं जे काही आहे ते बाळ आधी मेंदूला देतंय. पोटात त्याचं लिव्हर असतं, साखरेचा साठा तिथे, तो आधी आटतो. म्हणून पोटाचा घेर आधी कमी दिसतो.

ग्रेड २ म्हणजे वारेत चुन्याचे ठिपके दिसू लागलेत, ३२व्या आठवड्याला एवढ्यावरून काही ठरत नाही. वार मागे असणं म्हणजे पाठीकडे असणं, खाली नव्हे. खाली असती तर रिपोर्टात गर्भाशयाच्या तोंडापासून किती सेंटिमीटर ते लिहिलं असतं.

आणि डिचोलीकर भाऊ, राग मानू नका, पण बाईला महिनाभर खाटेवर पाडून बाळ वाढत नाही, पायात गुठळी मात्र होऊ शकते. कुशीवर झोपावं हे खरं, पण उजवी-डावी दोन्ही चालतात. शहाळं प्या, चांगलं असतं, पण ते तहानेसाठी.

कुळागरातली सून

सिस्टर, पाटाचं वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तर मग गाळ कोण काढतलो?" तोच माझा प्रश्न. आणि डॉपलर म्हणजे काय बघतात?

निवृत्त सिस्टर

सासूबाई हुशार आहेत. गाळ काढायचं औषध अजून नाही. ज्यांना आधीपासून जोखीम असते त्यांना १६व्या आठवड्याच्या आत ॲस्पिरिन सुरू करतात. आता तो काळ गेला, स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नकोस. आता काम लक्ष ठेवण्याचं.

डॉपलरमध्ये नाळेच्या धमनीतला प्रवाह बघतात. बाळाचं हृदय आकुंचन पावलं की रक्त वारेकडे ढकललं जातं. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही ते पुढे वाहत राहायला हवं. वार बिघडत गेली की मधल्या वेळचा प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, शेवटी उलटा येतो. थांबला की बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजासारख्या ठिकाणी, जिथे नवजातांचा अतिदक्षता विभाग आहे, तिथे राहायला सांगतात. उलटा आला तर फार वाट बघत नाहीत. तुझा प्रवाह चालू आहे. त्यामुळे ६ हा आकडा एकटा घेऊन रडत बसू नकोस. काही बाळं घराण्यानेच बारीक असतात. तू आणि तुझा नवरा जन्मले तेव्हा केवढे होता, विचार. दोन आठवड्यांनी परत मोजतील, तेव्हा त्याची स्वतःची चाल कळेल.

शनिवारी तीन गोष्टी विचारून ये: बीपी किती, लघवीत प्रोटीन आहे का, हिमोग्लोबिन किती. ११च्या खाली असेल तर लोहाची गोळी चहाबरोबर घेत नाहीस ना ते बघ. आणि एक विचारते, लाजू नकोस. मशेरी लावतेस का? आमच्याकडे चांगल्या शिकलेल्या मुलीसुद्धा लावायच्या आणि "तंबाखू नाही" असं सांगायच्या. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्याने शिरा आखडतात.

म्हापशाचा बाबा

आमचं ३४व्या आठवड्यात डॉपलर बिघडलं. फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, सिझर केलं, मुलगी १.६ किलो. आईच्या आणि माझ्या छातीला बांधून बांधून वाढवली. शर्ट काढून तासन् तास खुर्चीत. आता चार वर्षांची आहे, तळलेल्या बांगड्याशिवाय जेवत नाही.

कुळागरातली सून

दोन आठवडे झाले, सांगायला आले. परवा स्कॅन झाला: १.८७ किलो. पर्सेंटाइल तिथेच, पण दोन आठवड्यांत ३४० ग्रॅम चढलं. प्रवाह चालू. बीपी ११८/७६, प्रोटीन नाही, हिमोग्लोबिन १०.४. गोळी चहाबरोबरच घेत होते! मशेरी नाही हो सिस्टर. आईकडून कळलं की मी जन्मले तेव्हा २.३ किलोची होते, नवऱ्याचं कुणाला आठवत नाही. पुढचं डॉपलर आठवड्याने.

सासूबाईंनी तूप थांबवलंय. जेवण झालं की माझ्या बाजूला बसतात आणि विचारतात, "हालता मगो?"

निवृत्त सिस्टर

चाल धरलीय, छान. त्यांना विचारू देत. पण तुलाच हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, गोड खाऊन बघते म्हणायचं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन लावायचा.