घरी बांधलेली गाडी: ब्रेकच्या टी-जोडातून पाझर, होज टायरला टेकतो

चौकटवाला:
दोन सीटची गाडी, चारही चाकांना डिस्क, दोन वेगळी सर्किट. ४.७५ मिमीचा तांबे-निकेल पाइप टाकलाय. मागच्या टी-जोडाच्या (एका पाइपचे दोन फाटे करणारा जोड) एका नटातून ब्रेक ऑइल पाझरतंय. आणखी आवळला, फरक नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप लावू का? शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा होज (ब्रेकची लवचीक नळी) टायरला टेकतो.

पाना_अकरा:
टेप अजिबात नको. आटे फक्त दाबायचं काम करतात, गळती थांबते ती फ्लेअर (पाइपचं फुलवलेलं टोक) आणि सीट (जोडाच्या आत ते टोक टेकतं ती जागा) यांच्यात. शिवाय टेपचे तुकडे आत गेले तर निस्तरणं अवघड.

टी उघडून बॅटरीने आत बघा. तळाशी शंकूसारखा उंचवटा असेल तर ४५ अंशांचा डबल फ्लेअर (टोक आत दुमडून दुहेरी केलेला) लागतो, फनेलसारखा खोलगट असेल तर बबल फ्लेअर (बुडबुड्यासारखा फुगीर). चुकीची जोडी कितीही आवळली तरी गळणारच.

आटेही तपासा. एम१० × १ (मिमीचे आटे) आणि ३/८ यूएनएफ (इंचाचे आटे) दिसायला सारखेच. ३/८चा नट एम१०च्या भोकात ढिला बसतो आणि दाबाखाली निसटू शकतो. प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

नवा फ्लेअर करताना पाइप कटरनेच कापा, हॅक्सॉने नाही. टोक काटकोनात कानसा, आतली बर (कापताना उरलेली धारदार कड) काढा, हवा मारा. नट आधी ओवा (हे सगळेच विसरतात). फ्लेअर एकीकडे सरकला किंवा चिरला तर कापून पुन्हा, म्हणून पाइप ३ सेंमी जास्त ठेवा.

होज_आणि_बँजो:
होजची लांबी उभ्या गाडीवर ठरवू नका. स्प्रिंग काढा, चाक पूर्ण खाली आणि पूर्ण वर न्या, दोन्हीकडे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून बघा. कुठेही ताण नको, कुठेही घासणं नको. बहुतेक वेळा लांबी नाही, चेसिसवरच्या ब्रॅकेटचा कोन चुकलेला असतो. स्टीलची जाळी असलेला होज असेल तर जास्तच जपा, तो ज्याला घासतो ते कानशीसारखं खातो.

होज बसवताना आधी कॅलिपरचं (चाकाची डिस्क पकडणारा भाग) टोक, मग ब्रॅकेट, शेवटी पाइपचा नट. तो आवळताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर होजला पीळ बसतो. होजवर लांब रेघ असेल तर ती सरळ दिसली पाहिजे. बँजोला (पोकळ बोल्टने बसणारं होजचं गोल टोक) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर.

चौकटवाला:
उंचवटाच आहे, आणि माझा फ्लेअर बबल! टी तोच वापरू का? क्लिपा किती अंतरावर?

पाना_अकरा:
सीटवर ओरखडा असेल तर टी बदला, नसेल तर चालेल. क्लिप दर २५-३० सेंमीवर. सुटा पाइप थरथरून शेवटी फ्लेअरपाशी तुटतो. पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि चेसिसच्या सगळ्यात खालच्या नळीखालून नेऊ नका, दगड लागतात.

होज_आणि_बँजो:
ब्लीड झाल्यावर (ऑइलमधली हवा काढून झाल्यावर) पेडल जोरात दाबून मिनिटभर धरायला कुणाला तरी बसवा आणि प्रत्येक जोड कोऱ्या टिश्यूने पुसा. पेडल हळूहळू खाली जात असेल पण टिश्यू सगळीकडे कोरडा, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलने ऑइलवर दाब देणारा भाग) सीलकडे बघा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.