चार्जिंग न लागणारी हायब्रीड गाडी पेट्रोल वाचवते तरी कोठे?

प्रश्नकर्ता, जालना
मी आठवड्यातून पाच दिवस कामासाठी छत्रपती संभाजीनगरला जाऊन-येऊन करतो. जुनी गाडी देऊन हायब्रीड घ्यावी, असे घरात चालले आहे. विक्रेता सांगतो की या गाडीला चार्जिंग लागत नाही, बॅटरी आपोआप भरते. माझी शंका तेथेच आहे. बाहेरून वीज घेतलीच नाही, तर सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येणार. विहिरीचे पाणी आधी शेततळ्यात सोडून मग पिकाला दिले म्हणून ते वाढत नाही. उलट थोडे जिरते, थोडे उडून जाते. मग पेट्रोलची वीज करून, ती साठवून, पुन्हा चाकाला दिल्याने ॲव्हरेज वाढते कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त आयटीआय शिक्षक, परभणी
आपली शंका रास्त आहे, आणि शेततळ्याचा दाखलाही योग्य आहे. फक्त त्यात पंपाचा हिशेब राहिला. मोठा डिझेल पंप लावून एकच वाफा भिजवायला घेतला, तर पाणी कमी लागते, पण डिझेल त्या मानाने कमी जळत नाही. पेट्रोल इंजिनाचेही तसेच आहे. हायब्रीडसाठी बनवलेले चांगले इंजिन योग्य भारावर पेट्रोलमधील सुमारे 40 टक्के ऊर्जा कामी लावते. परंतु चिकलठाण्यापासून क्रांती चौकापर्यंत गर्दीत रांगताना साध्या गाडीत हे प्रमाण फारच खाली येते, आणि सिग्नलला उभे असताना तर जळलेला प्रत्येक थेंब वायाच जातो. हायब्रीड गाडी अशा वेळी इंजिन बंद ठेवून मोटारीवर चालते, आणि इंजिन चालू करते तेव्हा त्याच्यावर पुरेसा भार टाकून जास्तीचा जोर जनरेटरमार्फत बॅटरीत साठवते. साठवणुकीत घट होते हे खरे, पण बचत त्याहून मोठी असते.

दुसरी बचत ब्रेकची. 1500 किलोची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगावरून थांबवली, की 300 किलोज्यूल, म्हणजे एका युनिटचा सुमारे बारावा भाग, साध्या गाडीत ब्रेक तापण्यात जातो. येथे मोटारच जनरेटर होऊन चाकाला आवरते आणि त्यातला बराचसा भाग परत मिळतो.

शिवाय अशा बहुतेक गाड्यांत ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन असते. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे जळलेल्या वायूला दाबाच्या मानाने जास्त पसरता येते. पेट्रोल वाचते, पण ओढ कमी पडते. ती उणीव मोटार भरून काढते. 1997 साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसमध्येही हीच जोडी होती.

कन्नडचा वाहनधारक
सरांच्या उत्तराला अनुभवाची जोड देतो. कन्नडचा घाट उतरताना माझ्या गाडीतील बॅटरीच्या पट्ट्या भराभर वर चढतात आणि मध्येच इंजिन मोठ्याने घुमू लागते. पहिल्यांदा मला तो बिघाड वाटला होता. कारण असे, की ही बॅटरी लहान असते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये ती 0.76 युनिटची आहे. सरांनी धरलेली 1500 किलोची गाडी 200 मीटर खाली उतरली तरी जवळजवळ 0.8 युनिट ऊर्जा मोकळी होते. बॅटरी भरली की गाडी पेट्रोल न जाळताच इंजिन फिरवते आणि त्याच्या अडथळ्याने वेग आवरते.

वाचक, लातूर
खरेदीपूर्वी ‘माइल्ड’ की ‘स्ट्राँग’ हे अवश्य विचारावे. माइल्ड हायब्रीड इंजिनाला हातभार लावते. केवळ विजेवर चालत नाही. काही स्ट्राँग गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. आपल्याकडच्या धुळीत ती तुंबते, म्हणून दर सर्व्हिसिंगला स्वतः उभे राहून साफ करून घ्यावी.

प्रश्नकर्ता, जालना
सर्वांचे मनापासून आभार. सर, माझे बहुतेक अंतर मोकळ्या महामार्गाचे आहे. तेथे किती फरक पडेल?

निवृत्त आयटीआय शिक्षक, परभणी
एकसारख्या वेगात ब्रेक फारसा लागत नाही आणि साध्या इंजिनालाही बरा भार मिळतो, त्यामुळे फरक शहराच्या मानाने बराच कमी राहील. चाचणीसाठी गाडी मिळाली, तर ती घरापासून कार्यालयापर्यंत नेहमीच्या वेळी चालवून पाहावी, आणि महामार्गाचे व शहरातले ॲव्हरेज वेगवेगळे टिपून मगच किमतीतील फरकाशी ताडून पाहावे.