नोट घेतली, बॉण्ड विकला, कर्व्ह हलला नाही तरी फायदा कसा?

शिकागोकर:
मंडळी, एक शंका. सध्या प्रॅक्टिस अकाउंटवर नोब स्प्रेड करून बघतोय, म्हणजे अमेरिकन सरकारचे कर्जरोखे, दहा वर्षांची ट्रेझरी नोट आणि लांब मुदतीचा बॉण्ड, यांच्या फ्युचर्समधला (एक घ्यायचा, दुसरा विकायचा). कर्व्ह स्टीप होणार, म्हणजे छोट्या आणि लांब मुदतीच्या यील्डमधला (परताव्याच्या दरातला) फरक वाढणार असं वाटलं म्हणून एक झेडएन (नोटेचा फ्युचर) घेतला, एक झेडबी (बॉण्डचा) विकला, साधं एकास एक. सकाळी साडेसातला महागाईचा आकडा आला, यील्ड सगळीकडेच वर गेली पण १० आणि ३० वर्षांतला फरक होता तिथेच आहे. तरी चारशे-पाचशे डॉलर प्लसमध्ये! फुकटचे पैसे कोणाला नकोत, पण हे आले कुठून?

खतावणी:
कर्व्हमधून नाही आले एवढं नक्की. दोन्ही कॉन्ट्रॅक्ट एक लाख डॉलर फेस व्हॅल्यूचे, त्यामुळे एकास एक म्हणजे बरोबरीचा मामला वाटतो, पण यील्ड एक बेसिस पॉइंट (०.०१ टक्का) हलली की कोणाचे किती डॉलर हलतात ते बघ ना, म्हणजे डीव्ही०१. समजा झेडएनचा ६५ आणि झेडबीचा १२५ आहे (रोज बदलतो, त्या दिवशीचा घ्यायचा). यील्ड वर की भाव खाली, म्हणून सगळी यील्ड ८ बेसिस पॉइंट वर गेली तर झेडएनमध्ये ५२० गेले, विकलेल्या झेडबीत १००० आले, हातात ४८०. तू स्प्रेड केलाच नाहीस, बॉण्ड शॉर्ट करून बसलायस आणि नोटेने त्याला अर्धवट झाकलंय. आकडा उलटा आला असता तर तेवढेच गेले असते. कर्व्हवरच खेळायचं असेल तर या हिशोबाने साधारण दोन झेडएनला एक झेडबी.

जुनाखेळाडू:
वरचं बरोबर आहे पण अजून एक गोम आहे. झेडएन नावाला दहा वर्षांचा. त्यात किमान साडेसहा वर्षं उरलेली नोट डिलिव्हरीला (सौदा पुरा करताना द्यायला) चालते, वेगवेगळे कागद एका मापात आणणारा कन्व्हर्जन फॅक्टर ६ टक्के कूपन (व्याज) धरून काढतात, आणि यील्ड ६च्या खाली असली की कमी ड्युरेशनचा (यील्ड हलली तरी भाव कमी हलणारा) कागद द्यायलाच स्वस्त पडतो, म्हणून तो प्रत्यक्षात सात वर्षांसारखा वागतो. म्हणून तर २०१६ मध्ये अल्ट्रा टेन हा वेगळा फ्युचर काढावा लागला. झेडबीतही १५ ते २५ वर्षांचेच कागद, त्याहून लांबचे अल्ट्रा बॉण्डमध्ये. तेव्हा स्क्रीनवरचा १०-३० बघून नोबचा हिशोब लावत बसू नकोस, जुळणारच नाही.

आणि प्रमाण बरोबर आहे म्हणून निवांतही राहू नका. ३१ ऑक्टोबर २००१ ला अमेरिकन ट्रेझरीने तीस वर्षांचे बॉण्ड काढणंच थांबवलं, लाँग बॉण्ड असा उसळला की बॉण्ड विकून बसलेल्यांना दोनास एक काय नि तीनास एक काय, सारखंच! ते बॉण्ड परत आले २००६ मध्ये.

कोथरूडवाला:
हे पुण्यात बसून करता येतं का हो? एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेतून) पैसे पाठवून?

खतावणी:
नाही दादा. परदेशी एक्सचेंजच्या मार्जिनसाठी (सौद्याच्या अनामतीसाठी) एलआरएसखाली पैसे पाठवायला आरबीआयची मनाई आहे. कोणी ब्रोकर "सगळं होतं" म्हणाला तर दोन हात लांब राहा. आपल्या एनएसईवर सरकारी रोख्यांचे फ्युचर्स आहेत पण व्हॉल्यूम बघून घ्या आधी.

शिकागोकर:
कळलं, म्हणजे दोनास एक. पण दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाकताना मधल्या मधे भाव पळतो, त्याचं काय करता?

जुनाखेळाडू:
वेगवेगळ्या टाकूच नकोस. सीएमईवर (शिकागोच्या एक्सचेंजवर) इंटरकमॉडिटी स्प्रेड म्हणून एकच ऑर्डर टाकता येते, दोन्ही पाय (बाजू) एकदम भरतात, प्रमाण एक्सचेंजनेच ठरवलेलं असतं ते फक्त आधी तपास. दोन्ही पायांचं पूर्ण मार्जिनही लागत नाही, सवलत मिळते. आणि टिक (भावाची सगळ्यात छोटी पायरी) सारखे नाहीत हं, झेडबीचा ३१.२५ डॉलर, झेडएनचा अर्धा, १५.६२५. रोल करायचा (पुढच्या महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टवर न्यायचा) तर दोन्ही एकत्रच, एक पाय मार्चमध्ये आणि एक जूनमध्ये ठेवलास तर तो वेगळाच ट्रेड झाला.