‘टी प्लस’ म्हणजे नक्की किती वर्षांचं?

चिनूची_मावशी: भाचा अकराचा आहे, वाढदिवसाला सुपरहिरो कॉमिक्सची नवी मालिका हवीय. पुढच्या अंकांची झलक पाहिली: चार पानं, संवादांचे फुगे गायब, मारामारी बेताची. कोपऱ्यात वयोगटाची खूण, ‘टी प्लस’. मागच्या खेपेला अशाच झलकेवर भुलून एक संग्रह मागवला, तर सातव्याच पानावर तुटलेला हात! ताईचा फोन अर्धा तास चालला. घेऊ का?

रद्दीतला_खजिना: आधी प्रकाशक कोण ते सांगा. मार्व्हलचा टी प्लस 13 च्या पुढे, डीसीचा टी प्लस 15 च्या पुढे. डीसीचा नुसता ‘टी’ असेल तर 12. डीसीचंच ‘ब्लॅक लेबल’ हे नाव दिसलं की सरळ परत ठेवा, ते 17 च्या पुढच्यांचं.

जुना_वाचक: पूर्वी 1954 पासून कॉमिक्स कोडचा (काय छापायचं नाही याचे प्रकाशकांनी मिळून केलेले नियम) एकच शिक्का असायचा. मार्व्हलनं तो 2001 मध्ये सोडला, डीसीनं 2011 मध्ये. आता जो छापतो तोच वय ठरवतो. आणि झलकेचं काय घेऊन बसलात! दुकानदारांनी आगाऊ मागणी नोंदवावी म्हणून ती काढतात. त्यात शेवटचं पान कोण दाखवेल?

चिनूची_मावशी: मार्व्हलचीच आहे. म्हणजे दोन वर्षं कमी पडतायत. पहिला अंक आधी मीच वाचते. (खरं सांगू? मलाही वाचायचाच होता.) ताईला तूर्तास काही बोलत नाही.

रद्दीतला_खजिना: सातवं पान आधी उघडा 😄