पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय, ऑइल सील घरी बदलता येईल का?

डावा_आरसा

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसीची, साधे टेलिस्कोपिक शॉकअप, पुढे डिस्क ब्रेक, एबीएस आहे. डाव्या शॉकअपच्या पाइपवर बरेच दिवस तेलाचं बारीक कडं दिसायचं. पुसलं की थोडे दिवस गायब. आता मात्र पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं की कडं लगेच उमटतं, आणि ओघळून बॉटम केसवर (पाइप ज्यात सरकतो ती खालची जाड नळी) धुळीचा चिकट थर बसलाय. उजवा ठणठणीत कोरडा.

गॅरेजमध्ये दाखवली तर हातही न लावता "दोन्ही पाइप बदलून टाका" असं सांगितलं. म्हणून ठरवलंय, आपणच उघडायचं. चेन, ब्रेक पॅड, क्लच केबल ही कामं मी घरीच करतो. शॉकअप मात्र कधी उघडलेला नाही. सेंटर स्टँड आहे, गोटी पान्यांचा सेट आहे, टॉर्क रेंच उसना मिळेल.

अडचण अशी की बघितलेल्या सगळ्या व्हिडिओत खालचा ॲलन बोल्ट हवेच्या गनने क्षणात निघतो. माझ्याकडे गन नाही. साध्या ॲलन कीने तो निघतो का? आणि गळतोय एकच, तर एकाच बाजूचा सील बदलून भागेल का?

---

गोटी_पाना

भाऊ, सील जोडीनेच बदल. दोन्ही सारखेच चाललेत, एक गेला की दुसरा मागोमाग येतोच. शिवाय एका बाजूला नवं तेल आणि दुसऱ्या बाजूला जुनं पातळ झालेलं, असं नको.

पण सगळं उघडायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघ. डस्ट सील, म्हणजे ऑइल सीलच्या वरचं धूळ अडवणारं रबर, पातळ स्क्रू ड्रायव्हरने हळूच वर सरकव. कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची पट्टी किंवा पातळ प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेली पट्टी घे, टोकाला आकड्यासारखी खाच काप, आणि ती पाइप आणि ऑइल सीलच्या मध्ये सरकवून गोल फिरव. सीलच्या ओठाखाली, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या आतल्या कडेखाली, अडकलेली माती बाहेर येते. कितीतरी वेळा गळती तिथेच थांबते.

---

सीलवाली

मी कामावर हायड्रॉलिक सिलिंडर उघडते, त्यामुळे दिवसभर हात सीललाच लागलेले असतात. घरच्या गाडीचे शॉकअपही मीच करते. पट्टीचा उपाय जरूर करून बघा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पण बाटलीच्या पट्टीची कड आधी घासपेपरने मऊ करून घ्या. धारदार कडेने ओठ कापला गेला तर मग सील बदलावाच लागेल.

आता मुख्य मुद्दा. नवे सील टाकूनही पुन्हा गळणारे शॉकअप माझ्याकडे येतात, त्यांत नवा सील खराब निघाल्याचं क्वचितच दिसतं. दोष पाइपवर असतो. सीलचा ओठ नायट्रिल रबराचा, मागून बारीक गोल स्प्रिंग त्याला पाइपवर दाबून धरते. क्रोमवर गंजाचा किंवा खडी लागल्याचा एक टोचरा बिंदू असला तरी प्रत्येक खड्ड्याला तो ओठावरून जातो आणि रबर खरवडतो. म्हणून सील विकत आणायच्या आधी पाइप तपासा. "दोन्ही पाइप बदला" हे बरोबर की चूक, तेही त्यातूनच कळेल.

तपासायचं असं. पाइप रॉकेलने पुसून कोरडा करा. कापसाचा बोळा हलक्या हाताने वरून खाली आणि गोल फिरवा. तंतू अडकला तिथे मार्करने खूण करा. मग त्या जागी नख आडवं ओढून बघा. नुसता डाग असेल तर नख सरळ जातं, खड्डा असेल तर टक्कन अडकतं. पुढची बाजू नीट बघा, खडी तिथेच लागते.

मग पाइपवर डस्ट सीलला चिकटून एक केबल टाय सैलसर बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून या, एखादा जोरात ब्रेकही मारा. टाय जिथवर सरकला तिथवर सील जातो. तुमचा खड्डा त्याच्याही बराच वर असेल तर तो सीलला भेटतच नाही, निवांत राहा. टप्प्यात असेल आणि नुसती कड वर उठलेली असेल, तर २००० नंबरचा घासपेपर तेलात भिजवून फक्त ती कड उतरवा. हात पाइपभोवती गोल फिरवायचा, वर-खाली नाही. उभे ओरखडे तेलाला बाहेर यायला वाट करून देतात. आणि घासताना हात आवरता ठेवा, क्रोमचा थर अगदी पातळ असतो. तो गेला की खालचं पोलाद गंजणारच. खोल खड्डा इपॉक्सीने भरून सपाट करतात, तात्पुरतं चालतं. पण टप्प्याच्या मधोमध क्रोम सोलून निघालं असेल तर गॅरेजवाला बरोबर, पाइप बदला.

---

सीलवाली

आता बोल्ट. आधीचा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळं लिहिते.

खालचा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये (शॉकअपची उसळी आवरणारी आतली नळी) जातो. रॉड मोकळा असला की बोल्टबरोबर तोही फिरत बसतो, त्यामुळे लोक गनकडे धावतात. पण रॉडला दाबून धरणारी वस्तू तुमच्याकडे आहेच, ती म्हणजे आतली मोठी स्प्रिंग. म्हणून क्रम पाळा. वरचं टोपण जागेवर असताना, स्प्रिंग दाबलेली असतानाच खालचा बोल्ट सैल करायचा. बरेच जण आधी टोपण उघडतात, स्प्रिंग काढतात आणि मग बोल्टशी झटापट करतात.

टोपणाचंही तसंच. शॉकअप गाडीवर असताना वरच्या टीचा (दोन्ही पाइप धरून ठेवणारा आडवा भाग) बोल्ट सैल करा, खालच्या टीचा घट्ट राहू द्या, आणि टोपण फक्त अर्धा आटा हलवून ठेवा. वरची टी सैल केली नाही तर तिची पकड पाइपच्या आट्यांवरच असते आणि टोपण हलत नाही. टोपण हललं की तेवढ्यावर थांबा, उघडू नका. पाइप वरच्या टीच्या किती वर आलाय तेही मोजून लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचं.

चाक काढण्याआधी गाडी सेंटर स्टँडवर आणि इंजिनखाली लाकूड ठेवून जॅक. पुढचं वजन गेलं की गाडी मागे कलते, ते आधीच बघून घ्या. कॅलिपर ब्रेकच्या पाइपला लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅडच्या मध्ये लाकडाची चीप ठेवा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. एबीएस सेन्सरची वायर सोडवून बाजूला घ्या.

शॉकअप बाहेर आला की तो उलटा करा, टोपण लाकडी फळीवर टेकवा. दुसऱ्या माणसाला बॉटम केस वरून जोर लावून खाली दाबायला सांगा. बोल्टच्या खड्ड्यातला चिखल खिळ्याने उकरून काढा, नाहीतर ॲलन की अर्धवट बसते आणि खड्डा गोल होतो. की बसली की तिच्यावर हातोडीचा एक ठोका द्या आणि एका झटक्यात फिरवा. हळूहळू जोर वाढवलात तर रॉड फिरायला लागतो. आट्यांना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो चिकट द्रव) असेल तर हॉट एअर गनने बोल्ट थोडा तापवा.

तरीही फिरत राहिला तर शेवटचा उपाय. टोपण आणि स्प्रिंग काढा, झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक चौकोनी निमुळतं करा, पाइपमधून आत घालून रॉडच्या डोक्यात ठोकून बसवा आणि दुसऱ्याने तो घट्ट धरून ठेवा. बहुतेक साध्या शॉकअपमध्ये एवढ्यावर काम होतं. टोपण शेवटपर्यंत उघडताना मात्र तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग त्याला वर फेकते.

---

उलटा_शॉकअप

ताई, हे सगळं यूएसडीलाही (उलटे शॉकअप, जाड नळी वर आणि पाइप खाली) लागू आहे का? माझ्या गाडीला सोनेरी यूएसडी आहेत आणि उजवीकडून गळतंय.

---

सीलवाली

पाइप तपासायचं लागू, फक्त केबल टाय वर न जाता खाली सरकतो. उघडायची पद्धत मात्र लागू नाही. यूएसडीमध्ये सील खालच्या तोंडाशी असतो, त्यामुळे गळती थेट डिस्ककडे येते. आणि बऱ्याच यूएसडीत टोपण डॅम्पर रॉडलाच जोडलेलं असतं, ते काढायला स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार लागतं. स्वतंत्र धागा काढा, इथे दोन्ही मिसळले तर कुणीतरी भलताच बोल्ट सोडेल.

---

गोटी_पाना

सील बसवायचं राहिलंच की. जुना सील काढताना टायर लिव्हरखाली लाकडाचा तुकडा ठेव, ॲल्युमिनियमची कड पटकन चेपते. आधी सील जागेवर धरणारी तारेची सर्कलिप काढायची, हे सांगायला नको. काही शॉकअपमध्ये आत बुश (पाइप ज्यावर घसरतो ती कडी) असतो. तिथे सर्कलिप काढली की पाइप आणि केस एकमेकांपासून झटके देत ओढायचे, बुश आणि सील बरोबरच बाहेर येतात.

नवा सील घालताना पाइपच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढव, तिला शॉकअप तेल लाव, मग सील सरकव. तोंडाच्या कडेवर ओठ फाटतो. क्रम लक्षात ठेव, पाइपवर आधी डस्ट सील, मग सर्कलिप, मग ऑइल सील. नंबर लिहिलेली बाजू वर, स्प्रिंग दिसते ती बाजू खाली तेलाकडे. ठोकायला मापाचा पीव्हीसी पाइप चालतो. नव्या सीलवर जुना सील ठेवून त्याच्यावर ठोक, म्हणजे नव्याला मार लागत नाही. सर्कलिपची खाच चारी बाजूंनी पूर्ण दिसेपर्यंत. एका बाजूला दिसली, दुसरीकडे नाही, म्हणजे सील तिरका बसलाय.

---

डावा_आरसा

सगळ्यांचे आभार. उघडून झालं. पट्टी फिरवून गळती कमी झाली पण थांबली नाही, म्हणून दोन्ही उघडले.

शॉकअप उलटा करून दाबल्यावर बोल्ट एका झटक्यात सुटला! डावीकडे कापूस एकाच जागी अडकला, केबल टायच्या टप्प्यात, सील नेहमी असतो त्याच्या थोडा वर. नखाला कड लागते, पण तांदळाच्या कणीहून बारीक. डस्ट सीलखाली चिखल दगडासारखा झाला होता. तेल दोन्हीकडचं राखाडी आणि घाण वासाचं, उजवीकडचंही. कड घासून घेतली, आता नख सरळ जातंय. सील बसवले.

आता तेल. डाव्यातून किती गळालं माहीत नाही, त्यामुळे जुनं मोजून तेवढं भरणं चुकीचं होईल. मॅन्युअलमध्ये १० डब्ल्यू (तेलाच्या घट्टपणाचा नंबर) लिहिलंय. माझ्याकडे १५ डब्ल्यूची बाटली आहे, गाडी ब्रेकला फार डुबकी मारते म्हणून तेच टाकू का? आणि तेलाचे थोडे डाग डाव्या बाजूच्या ब्रेक पॅडवर दिसतायत.

---

सीलवाली

जुनं मोजून भरायचं नाही हे बरोबर ओळखलंत.

मॅन्युअलमध्ये मिलिलिटर आणि पातळी दोन्ही दिले असतील तर पातळीवर विश्वास ठेवा. आत कुठेतरी थोडं जुनं तेल चिकटून राहतंच, मापाने ओतलं तर ते धरलं जात नाही. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, शॉकअप उभा. तेल किंचित जास्त ओता, पाइप सावकाश वर-खाली करत राहा. सुरुवातीला हात पोकळीत गेल्यासारखा सैल जातो, मग सगळीकडे सारखा अडतो आणि बुडबुडे थांबतात. थोडा वेळ तसाच ठेवा. मग सिरिंजला पातळ नळी लावा, तिच्यावर मॅन्युअलमधल्या मापाला टेप गुंडाळा, टेप पाइपच्या तोंडाला टेकेपर्यंत नळी आत घाला आणि तेल ओढा. हवा यायला लागली की पातळी बरोबर. दुसऱ्या बाजूला टेप न हलवता तेच करा.

पातळीबद्दल इतकी काटेकोर का, तर वर उरलेली हवाही स्प्रिंगचं काम करते. तेल जास्त झालं की हवा कमी, शेवटच्या टप्प्यात शॉकअप दगड होतो आणि तो दाब सीलवर येतो. "थोडं जास्त टाकलं की डुबकी कमी" असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या गाडीचे सील बघा.

१५ डब्ल्यू नको. तेलाने डुबकीचा वेग बदलतो, खोली स्प्रिंग आणि हवा ठरवतात. शिवाय तुमच्याकडचं आधीचं तेल जुनं आणि कमी होतं, योग्य पातळीला नवं १० डब्ल्यू टाकल्यावरच गाडी वेगळी वाटेल. आणि बाटलीवरच्या आकड्यावर फार जाऊ नका. शॉकअप तेलात १० डब्ल्यू म्हणजे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ४० अंशाला एकाचा घट्टपणा तिशीच्या आसपास सेंटीस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), दुसऱ्याचा पंचेचाळीसच्या पुढे. पुढच्या वेळी ब्रँड बदललात तर तो आकडा जुळवून घ्या.

पॅडबद्दल घासाघीस नको. तेल प्यायलेला पॅड घासला, जाळला, धुतला तरी गरम झाल्यावर तेल पुन्हा वर येतं. जोडी बदला. ब्रेक क्लीनरने डिस्क दोन्ही बाजूंनी पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

---

गोटी_पाना

खालच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा टाक, जुना चेपलेला असतो आणि मग तळातून गळतं. लोक सीललाच दोष देत बसतात.

---

डावा_आरसा

वॉशर नवाच टाकलाय. पॅड उद्या आणतो.

एक शेवटचं. टोपण आट्यात बसत नाहीये. स्प्रिंग वर ढकलते आणि टोपण तिरकं होतं.

---

सीलवाली

शॉकअप खालच्या टीमध्ये घट्ट धरा आणि पाइप पूर्ण वर ओढून ठेवा, म्हणजे स्प्रिंग कमीत कमी दाबली जाते. टोपण तळहाताने सरळ दाबत आधी उलट्या दिशेने फिरवा. आटा जुळला की टक्कन खाली बसल्याचं जाणवतं. तिथून हातानेच दोन वेढे द्या, मग पाना. पाना लावून आटा शोधायचा नाही, ते आटे फार बारीक असतात.

चाक बसवताना एक्सल घट्ट करा, पण शॉकअपच्या पायाजवळचा, एक्सल आवळून धरणारा चिमटा बोल्ट सैल राहू द्या. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरा, हँडल तीन-चार वेळा जोरात दाबा, शॉकअपचे दोन्ही पाय आपोआप सरळ जुळतात. मग चिमटा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही पाय किंचित तिरके अडकतात आणि नवे सील एका बाजूने घासत राहतात. निघण्याआधी पुढचा ब्रेक लिव्हर पंप करून कडक होतोय का बघा, नवे पॅड टाकल्यावर पहिल्या दाबाला तो रिकामा जातो.

---

डावा_आरसा

टोपण बसलं. उलटं फिरवल्यावर लगेच टक्क झालं. चिमटा बोल्ट शेवटी घेतो. पाइपवर केबल टाय तसाच ठेवतोय, टप्पा कळतो.