मेटामास्कमध्ये मुंबई टेस्टनेट जोडलं जात नाही

प्रश्न: मेटामास्क या क्रिप्टो वॉलेटमध्ये पॉलिगॉन ब्लॉकचेनचं मुंबई टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क) जोडायचंय, चेन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) ८०००१. आरपीसी पत्ता (वॉलेट ज्या सर्व्हरमार्फत नेटवर्कशी बोलतं त्याचा पत्ता) टाकला की चेन आयडी मिळाला नाही असं येतं, पुढे ‘सेव्ह’ होतच नाही. कुठे अडतंय?

उत्तर: मुंबई टेस्टनेट इथेरियमच्या गोर्ली या टेस्टनेटवर आधारलेलं होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं. आता इथेरियमच्या सेपोलिया टेस्टनेटशी जोडलेलं पॉलिगॉनचं अमॉय टेस्टनेट वापरा. नेटवर्कच्या यादीतून कस्टम नेटवर्क जोडा: चेन आयडी ८०००२, चलनाचं चिन्ह पीओएल. आरपीसी पत्ता पॉलिगॉनच्या अधिकृत माहितीतूनच घ्या. वॉलेट त्या सर्व्हरलाच आयडी विचारतं. उत्तर आलं नाही किंवा जुळलं नाही, तर नेटवर्क जोडलं जात नाही.

दुसरं उत्तर: गॅससाठी (व्यवहाराच्या शुल्कासाठी) फॉसेटमधून, म्हणजे चाचणीची नाणी फुकट देणाऱ्या साइटवरून, चाचणीचे पीओएल घ्या. सीड फ्रेज (वॉलेटचे गुप्त शब्द) मागणारा फॉसेट म्हणजे फसवणूक, लगेच बंद करा! मुंबई टेस्टनेटवरचे स्मार्ट काँट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे प्रोग्राम) मात्र अमॉयवर पुन्हा डिप्लॉय करावे लागतील.